खाटकाची भाची

दुकानावरून,
९ फेब्रुवारी

ताई,

तुझी टिटवी मजेत आहे, हे मी दर पत्राच्या पहिल्या ओळीत लिहितो. या वेळी ते लिहवत नाही, म्हणून घोळ न घालता सांगतो. पोरीनं मटण सोडलंय. नुसतं मटण नाही. कोंबडी, मासे, खिमा, सगळंच. महिना होत आला. तुला आधी कळवलं नाही, कारण मला वाटलं चार दिवसांचं खूळ आहे, उतरेल. ते काही उतरत नाही.

तुला हसू येईल. खाटकाच्या घरात राहायचं, खाली दुकानात मामाचा सत्तूर चाललेला ऐकत अभ्यास करायचा आणि जेवायला बसलं की ताट सरकवायचं. शेजारचा न्हावी मला विचारतो, घरचीच माणसं खात नाहीत तर मालात काही खोट आहे का. मी हसण्यावारी नेतो, पण दिवसभर ते डोक्यात राहतं.

कारण विचारून पाहिलं. एखाद्या जनावराकडे बघून मन द्रवलं का, मैत्रिणींनी काही भरवून दिलं का, माझ्या हातच्या स्वयंपाकाचा कंटाळा आला का. तर म्हणते, तसं काही नाही मामा, बरेच दिवस मनात होतं, आता नकोसं झालंय. तिनं मला चार गोष्टी सुनावल्या असत्या तर मी आठ सुनावल्या असत्या. पण नुसतं ‘नकोसं झालंय’ याच्याशी भांडायचं कसं?

आणि ताई, पोर वाळत चाललीय. तू तिला माझ्याकडे ठेवलंस ते इथल्या मैदानासाठी, कोचबाईंसाठी. पूर्वी शेवटच्या वळणावर ती बाकीच्यांना मागे टाकायची, आता नेमका तिथेच तिचा दम जातो. जिना चढून आली की भिंतीला टेकून उभी राहते. डोळ्यांखाली काळं आलंय. परवा कोचबाईंनी मला मैदानावर बोलावून घेतलं आणि विचारलं, हिला घरी नीट खायला मिळतं ना? हे त्यांनी मला विचारलं. अर्धी गल्ली माझ्या दुकानातून जेवते. मान वर करायची सोय राहिली नाही.

एप्रिलच्या शेवटी निवड स्पर्धा आहे. म्हणून तुझ्याकडे एक मागणं आहे. मी हाडं उकळून त्यांचं पाणी काढतो आणि ते तिच्या डाळीत घालतो. मसुराची डाळ दाट असते, तिला काही कळायचं नाही. रक्तामांसाचं शरीर नुसत्या पाल्यावर चालत नाही, हे तुलाही ठाऊक आहे. तू आई आहेस, तू हो म्हटलंस की मला जोर येईल.

माझं बरं आहे. दिवसभर उभं राहून तळपाय जळजळतात, बुटात निखारे ठेवल्यासारखे. थकवाही फार येतो, म्हणून रोज सकाळी कलेजी परतून खातो. हे तिलाही सांगितलं, की बघ, मामा कशानं उभा आहे.

लवकर लिही.

तुझा बारक्या


दुकानावरून,
२६ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर नाही. तुमच्या घाटात दरड कोसळल्याचं टेम्पोवाल्याकडून कळलं, तेव्हा रसद आणणारी जीपही अडकली असेल आणि माझं पत्रही. तुमच्या त्या वेधशाळेत फोन लागत असता तर हे असं ताटकळावं लागलं नसतं.

मी वाट पाहिली. मग मैदानावर सराव करताना ती मध्येच बसली आणि कोचबाईंनी तिला पाणी मारून उठवलं, त्या दिवशी माझा धीर सुटला. उत्तर नाही म्हणजे नकार नाही, असं मी धरलं. तेव्हापासून तिच्या डाळीत हाडांचं पाणी जातं. हाडं मी आधी खाली दुकानातच उकळून घेतो, गाळतो आणि बरणी वर नेतो. ती आवडीनं खाते. मामा, डाळ हल्ली छान होते, म्हणाली.

तिच्या गालांवर दोन दिवसांतच रंग दिसायला लागला, हे मी शपथेवर सांगतो.

तू रागावणार नाहीस ना? मला चटकन काहीतरी लिही. हल्ली मला जेवणाचीही गोडी वाटत नाही, जीभ सोलल्यासारखी हुळहुळते. काळजीनं होत असेल.

बारक्या


वेधशाळा,
५ मार्च

बारक्या,

रस्ता काल उघडला आणि तुझी दोन्ही पत्रं एकदम हातात पडली. पहिलं वाचून मी उत्तर मनात जुळवत होते. दुसरं वाचलं आणि ते सगळं बाजूला राहिलं.

हे पत्र मिळेल त्या दिवसापासून ते पाणी बंद कर. दुसऱ्या दिवसापासून नाही, त्याच दिवसापासून.

मला तुझी काळजी कळते. माझी झोप तिच्यासाठी उडाली नसेल असं समजू नकोस. सराव करताना ती बसली, ही ओळ मी कितीदा वाचली असेन. पण ती सतरा वर्षांची आहे, आणि तिनं तुला तोंडावर नाही म्हटलंय. तिच्या ताटात काय आहे ते तिला ठाऊक नसेल, तर ती तुझ्या घरात पाहुणीसुद्धा नाही, कोंडवाड्यातलं जनावर आहे. हे शब्द टोचतील. टोचू देत.

मटणावाचून माणूस उभा राहत नाही असं तू म्हणतोस. आमच्या मोठ्या निरीक्षकांनी जन्मात मटण खाल्लेलं नाही. साठीला आले तरी वारा सुटला असताना मनोऱ्यावर चढून वारामापकाची वाटी साफ करून येतात. आमचा जीपवाला तिन्ही त्रिकाळ खातो आणि चढणीवर धापा टाकतो. यातून काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. एका दिवसाच्या वाऱ्यावरून आम्ही ऋतू सांगत नाही. म्हणूनच म्हणते, तूही तिच्या गालांवरून काही ठरवू नकोस. दोन दिवसांत हाडांच्या पाण्यानं कुणाच्या गालांवर रंग चढत नाही. तुला तो बघायचा होता, म्हणून दिसला.

तिला डॉक्टरकडे ने. रक्त तपासून घे. अशक्तपणा आहे हे दिसतंच आहे. कशाचा आहे ते तरी कळू दे. आणि डाळीचं तिला तूच सांग, माझ्याकडून कळण्याआधी.

ताई


दुकानावरून,
१२ मार्च

ताई,

तुझं पत्र आज सकाळी आलं. टिटवी काल संध्याकाळी घर सोडून गेली.

जेवता जेवता तिच्या दाताखाली काहीतरी कचकन वाजलं. तिनं ते बोटानं काढून ताटाच्या कडेला ठेवलं. हाडाची कपची होती, नखाएवढी. मी रोज गाळून घ्यायचो, काल कशी सुटली कळत नाही. हल्ली बोटांना बारीकसारीक लागतच नाही.

तिनं आधी कपचीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मी म्हणू शकलो असतो की भांडं नीट धुतलं गेलं नसेल. तेवढीही अक्कल सुचली नाही.

“कधीपासून?” तिनं विचारलं.

मी सांगितलं. ती ओरडली नाही. मोरीत जाऊन बराच वेळ चुळा भरत राहिली, मग पिशवी भरली आणि कोचबाईंच्या वसतिगृहात गेली. जाताना तिनं माझ्या दाराची किल्ली टेबलावर ठेवली.

तुझं पत्र एक दिवस आधी आलं असतं तर मी बंद केलं असतं का, असं स्वतःला विचारतोय. हो म्हणायची हिंमत होत नाही.

बारक्या


वेधशाळा,
२० मार्च

बारक्या,

तुझं पत्र आणि तिचं, एकाच जीपनं आलं. ती सुखरूप आहे, वसतिगृहात तिला जागा मिळाली आहे, एवढं वाचून मी खुर्चीत बसले. पुढचं वाचून उठले.

डाळीबद्दल तिनं दोनच ओळी लिहिल्यात. बाकीचं पत्र तुझ्याबद्दल आहे. मामा जिन्यावर भेलकांडतो. मामाचा सकाळी तोंड धुताना तोल जातो आणि तो बेसिन धरून उभा राहतो. मामा एकच गोष्ट दोनदा सांगतो, आणि विसरलास म्हटलं की अंगावर येतो. मामाचे डोळे पिवळट दिसतात. तिला याचा अर्थ लावता येत नाही. मला येतो, कारण आपण दोघं एकाच बापाची मुलं आहोत. बाबांचं हे सगळं आपण पाहिलंय. तेही सकाळी बेसिन धरून उभे राहायचे आणि पाय दुखतात म्हणायचे.

वहिनी गेल्यापासून तू एकटा आहेस, हे मला कळतं. पण माझी पोर तुझ्या भरवशावर ठेवली होती रे. ती खात नाही म्हणून तू मला पानभर लिहिलंस. तू पितोस ते एका शब्दानं लिहिलं नाहीस.

मी वरिष्ठांकडे बदली मागितली आहे. बदली माणूस येईपर्यंत मला नोंदी सोडून हलता येणार नाही. तोवर टिटवी वसतिगृहातच राहील. तू तिला भेटायला जाऊ नकोस.

ताई


दुकानावरून,
२७ मार्च

ताई,

तुझ्या वहिनीच्या आजारपणात मी सगळं सोसलं, पण दारूचा थेंब तोंडाला लावला नाही. बाबांच्या पायाशी बसून आपण दोघांनी जे पाहिलं, ते तू एकटीनं पाहिलं नव्हतंस. माझ्यावर असा आळ घ्यायला तुझी लेखणी कशी धजली?

तू वर ढगांत बसून वारा मोजतेस. पोरीला ताप आला तेव्हा उशाला मी होतो. तिचे फाटके बूट मी शिवून आणले. पावसात मैदानाबाहेर छत्री घेऊन मी उभा राहायचो. डाळीत जे घातलं ते चुकलं, मान्य. पण ते का घातलं, हे तुझ्याइतकं दुसऱ्या कुणाला कळायला हवं होतं? आणि तूच मला दारुड्या ठरवून मोकळी झालीस.

मी तिला भेटायला जाणार नाही. तू सांगायची गरज नव्हती. मैदानापर्यंत चालणं मला हल्ली होत नाही. पाय कापसावर पडल्यासारखे पडतात, जमीन कुठे आहे ते खाली बघून ठरवावं लागतं.

अक्षर वाईट आलंय, त्याचाही तू काही अर्थ काढशील. पेन बोटांत आहे की निसटलं, ते मला डोळ्यांनी बघावं लागतं. दारूनं असं होत असेल तर तसं समज.

यापुढे मी लिहिणार नाही.


वेधशाळा,
३ एप्रिल

टिटवी,

हे पत्र मिळाल्याबरोबर मामाकडे जा. सराव बुडाला तरी चालेल.

तुझा राग मला मान्य आहे. तो तसाच ठेव, पण घेऊन जा. मी तुझ्या पत्रावरून मामाबद्दल एक ठरवून टाकलं होतं आणि त्याला ते फार कठोर शब्दांत लिहिलं. काल त्याचं उत्तर आलं. ते रागावलेल्या माणसाचं आहे, पण प्यायलेल्या माणसाचं नाही. पेन बोटांत आहे की नाही हे त्याला बघावं लागतं. जमीन कुठे आहे हे बघावं लागतं. तोंड धुताना डोळे मिटले की तो पडतो, म्हणजे डोळे उघडे असेपर्यंतच तो उभा आहे. तुझ्या आजोबांचं असं नव्हतं. आपल्या माणसाचं काहीतरी मोठं बिघडलंय आणि मी इथून त्याला नावं ठेवत बसले.

त्याच्या हातात दिवसभर सत्तूर असतो. त्याला डॉक्टरकडे ने. तो नाही म्हणेल, तरी ने. आणि तिथे गेलीस की तुझंही रक्त तपासून घे.

मी वायरलेसवरून खाली निरोप द्यायचा प्रयत्न केला. ती यंत्रणा नोंदींसाठी आहे म्हणून त्यांनी घेतला नाही. हे पत्र नेणारी जीप लवकर पोचो, एवढंच म्हणत बसले आहे.

आई


रुग्णालयातून,
११ एप्रिल

आई,

मामा ठीक आहे. हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचताना तू घाबरशील.

तुझं पत्र परवा दुपारी मिळालं. मी जायचं की नाही ते ठरवत जरा वेळ खाटेवर बसले होते, हे खोटं सांगत नाही. मग गेले. दुकानासमोर गर्दी होती, पण कुणी काही घेत नव्हतं. एक म्हातारी बाई ओरडत होती. मामा ओंडक्याशी उभा होता आणि बरगड्या तोडत होता. सगळे ओरडतायत तरी तो थांबेना. मान वर करून त्यांच्याकडे बघत होता, की यांना झालंय काय. आई, त्याच्या डाव्या हाताच्या दोन बोटांवर सत्तूर पडला होता आणि त्याला ते कळलंच नव्हतं. सगळीकडे रक्त होतं, आणि त्याला वाटत होतं ते मटणाचं आहे.

मी आत गेले, त्याचा हात धरला आणि त्याला दाखवला. तो बघतच राहिला. मग म्हणाला, “दुखत नाही गं.” ते ऐकून मला जशी भीती वाटली, तशी रक्त बघून वाटली नव्हती.

न्हावीकाकांनी स्वच्छ टॉवेल गुंडाळला आणि रिक्षा बोलावली. बोटं वाचली आहेत. टाके घालताना डॉक्टरीणबाईंनी त्याला खूप प्रश्न विचारले. पाय, जीभ, विसरणं, सगळं. मग डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. तो एका बाजूला कलंडला; मी आणि नर्सनं धरला म्हणून पडला नाही. सुई टोचून विचारलं की कुठे लागतंय, तर घोट्याखाली त्याला काहीच सांगता येईना. पिण्याबद्दलही विचारलं. मामानं तोंड फिरवलं. मी म्हटलं, तो पीत नाही.

दुसऱ्या दिवशी रक्ताचा निकाल आला. त्याच्या रक्तात बी-बारा जवळजवळ नाहीच. नसांना आणि रक्ताला लागणारं जीवनसत्त्व आहे ते. मामा डॉक्टरीणबाईंवर चिडला. म्हणाला, ते मटण न खाणाऱ्यांना होतं, मी रोज कलेजी खातो, तुमच्याकडून निकालांची अदलाबदल झालीय, हा निकाल या पोरीचा असणार. त्याला खरंच तसं वाटत होतं. मलाही क्षणभर तसंच वाटलं.

त्यांनी शांतपणे समजावलं. बी-बारा मटणात भरपूर असतं, पण पोटातून ते रक्तात जायला पोटात एक रस तयार व्हावा लागतो. मामाच्या पोटात तो होणंच बंद झालंय. त्यामुळे त्यानं कितीही खाल्लं तरी त्याच्या अंगी लागत नाही. आता इंजेक्शनं सुरू केली आहेत; ती बहुतेक जन्मभर घ्यावी लागतील. नसा किती भरून येतील ते आत्ता सांगता येत नाही म्हणाल्या. अजून उशीर झाला असता तर चालणंच गेलं असतं.

माझाही निकाल आला. माझं बी-बारा ठीक आहे, मी दूध आणि अंडी घेते म्हणून. तेही सोडलंस तर गोळी घ्यावीच लागेल, त्यात हयगय चालणार नाही, असं बजावलंय. पण माझ्या अंगात लोह फार कमी आहे. दमायला होतं ते त्यानंच. त्यांनी मला काय खातेस ते विचारलं आणि मी सांगायला लागले तेव्हा माझं मलाच कळलं. मटण सोडलं, पण त्याच्या जागी काहीच घेतलं नव्हतं. पाव, बिस्किटं, चहा, फार तर दूध किंवा अंडं. मामाच्या डाळीशिवाय धड काही नव्हतंच. त्यांनी चांगलंच फैलावर घेतलं. डाळी, चणे, पालेभाजी, त्यावर लिंबू, आणि जेवणाबरोबर चहा अजिबात नाही. शिवाय गोळ्या.

मामानं त्यांना सरळ विचारलं, मग मटण लागतं की नाही ते एकदा सांगून टाका. त्या म्हणाल्या, मटणच लागतं असं नाही. त्यातून जे मिळतं, ते कुठून तरी मिळालं पाहिजे, आणि मिळालेलं अंगी लागलं पाहिजे. तुमच्या भाचीचं पहिलं चुकलं, तुमचं दुसरं.

मामाला अजून इथेच ठेवलंय. मी त्याच्याजवळ आहे. माझा राग गेलेला नाही, पण मी जवळ आहे.

टिटवी


वेधशाळा,
१७ एप्रिल

बारक्या,

तू लिहिणार नाहीस म्हणालास, म्हणून मी लिहिते.

मी तुला जे म्हटलं, ते परत घेता येत नाही. कागद तुझ्याकडे आहे. फाडून टाकलास तर बरं वाटेल. ठेवलास तरी माझी तक्रार नाही. तू सगळं स्पष्ट लिहिलं होतंस. पाय, जीभ, बोटं, सगळं तुझ्या पत्रांत होतं. मी रोज नोंदी वाचून उद्याचं सांगते आणि माझ्या भावाची पत्रं मला वाचता आली नाहीत.

बदली मंजूर झालीय. जूनच्या मध्यात खाली येते. तोवर दुकान बंद राहिलं तर राहू दे. सत्तुराला हात लावलास तर माझ्याशी गाठ आहे.

आणखी एक. तिच्याकडून माफी मिळवायची घाई करू नकोस. मी तुला ओळखते. तू कपाळाला हात लावून समोर बसशील आणि तिला काहीतरी बोलणं भाग पडेल. तसं करू नकोस.

ताई


दुकानावरून,
९ जून

ताई,

अक्षरावरून ओळखशील, की पेन आता न बघता धरता येतं. उजव्या पायाच्या तळव्याला परवा फरशी गार लागली. डाव्याला अजून लागत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, थांबा. थांबतो. दुकान तात्पुरतं एका ओळखीच्या माणसाकडे दिलंय. तो बरगड्या वाकड्या तोडतो आणि मी खुर्चीत बसून दात खातो.

टिटवीची निवड झाली नाही, हे तिनं तुला कळवलंच असेल. गोळ्यांचा गुण यायला वेळ लागतो; स्पर्धा थांबली नाही. शेवटच्या वळणावर ती मागे पडताना मी कठड्याशी बसलो होतो. पण गेल्या आठवड्यात कोचबाई म्हणाल्या की आता दम टिकतो. हे कशानं झालं ते मी त्यांना सांगायला गेलो नाही. पूर्वी गेलो असतो.

इंजेक्शनाच्या दिवशी ती मला घ्यायला येते. बाकावर शेजारी बसते. तू सांगितलंस म्हणून मी माफीचं काढलं नाही. मे महिना तसाच गेला. मग मागच्या खेपेला तिनंच विचारलं. म्हणाली, “मामा, तुला माझ्या तब्येतीची भीती वाटत होती, की मी नाही म्हटल्याची?”

मी पटकन तब्येतीची म्हणणार होतो. तिच्याकडे बघून ते तोंडातून निघेना. खरं सांगितलं. म्हटलं, तू ताट सरकवायचीस तेव्हा मला वाटायचं मलाच सरकवतेस. मला दुसरं काही करता येत नाही. घरात कुणाला जीव लावायचा तर चांगला तुकडा बाजूला काढून ठेवायचा, एवढंच मी शिकलोय. तुझ्या मामीलाही मी तसंच सांभाळलं.

ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, “मग तुझ्या लक्षात कसं आलं नाही, की तूही मला सरकवलंस?”

नर्सनं माझं नाव पुकारलं आणि आम्ही उठलो.

ती परत राहायला आलेली नाही. वसतिगृहातच बरं वाटतं म्हणते. मी आग्रह केला नाही. पण काल इंजेक्शनानंतर ती मला जिन्यापर्यंत सोडायला आली आणि मग वरही आली. मी डाळ टाकली. एका हातानं, वेळ लागला. दोन ताटं वाढली आणि बसलो. तिनं हात धुतले, बसली, पण ताटाला हात लावला नाही.

“यात काय आहे?” म्हणाली.

मी सांगितलं. मसूर, कांदा, लसूण, तेल, मीठ, थोडं तिखट, वरून लिंबू. सांगताना परीक्षेला बसल्यासारखा घाम फुटला होता. तिनं पुन्हा विचारलं नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मला वाटलं आता ही उठते.

मग तिनं घास घेतला. तो तिनं सावकाश चावला, जिभेनं चाचपून बघितला, आणि गिळला. मग दुसरा घेतला. मी माझ्या ताटाकडे बघत होतो, म्हणजे तिला वाटायला नको की मी मोजतोय.

तू येशील तेव्हा तूही विचार. मी सांगेन.

बारक्या